संकेतस्थळ-सुरक्षा प्रमाणपत्र

इंटरनेटवरील एखाद्या संकेतस्थळाचे नाव व त्या संकेतस्थळाच्या चालकाजवळ असलेली गणिती किल्ली ही परस्परांचीच आहेत, असे एका त्रयस्थ व मान्यताप्राप्त संस्थेने आपल्या अंकीय स्वाक्षरीनिशी दिलेले प्रमाण म्हणजे संकेतस्थळ-सुरक्षा प्रमाणपत्र होय. या प्रमाणपत्राच्या आधारे ग्राहकाचा संगणक अथवा भ्रमणध्वनी आणि संकेतस्थळ ज्यावर चालते तो सर्व्हर यांच्यामध्ये कूटबद्ध संपर्क प्रस्थापित करता येतो. असा संपर्क असलेल्या संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होतो. इंटरनेटद्वारे होणारी खरेदी-विक्री, बँकांचे व्यवहार, देणग्या, आरक्षण इत्यादींचा पाया या व्यवस्थेवर उभारलेला आहे. तथापि हे प्रमाणपत्र नावाची ग्वाही देते, नाव धारण करणाऱ्याच्या सचोटीची नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्याने ग्राहक व लहान व्यापारी या दोहोंची फसगत होऊ शकते.

गरज : इंटरनेटवरून पाठविलेला संदेश प्रेषकाकडून थेट ग्राहीकडे जात नाही. तुळजापूर येथे दर्शनासाठी आलेल्या एखाद्या भाविकाने निवासस्थानातील वाय-फायचा उपयोग करून भूम तालुक्यातील विक्रेत्याकडे खव्याची मागणी नोंदविली, तर ती मागणी प्रथम निवासस्थानाच्या यंत्रातून, मग दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातून व त्यापुढे अनेक मध्यस्थ यंत्रांतून प्रवास करून सर्व्हरपर्यंत पोहोचते. हा सर्व्हर मुंबईत असेल किंवा परदेशातही असेल. संदेश उघड्या अक्षरांत असल्यास वाटेतील कोणत्याही यंत्राच्या चालकाला तो वाचता येतो, त्यात फेरफार करता येतो किंवा आपणच विक्रेता आहोत असे भासवून त्याला उत्तरही देता येते. यामुळे सुरक्षित संपर्काकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : (१) गोपनीयता, म्हणजे मजकूर इतरांना न कळणे, (२) अविकृतता, म्हणजे मजकुरात वाटेत बदल न होणे, (३) ओळख, म्हणजे पलीकडील पक्ष अपेक्षित नावाचाच असणे.

यांपैकी दुसरी व तिसरी अपेक्षा नवीन नाहीत. मराठेशाहीतील राजपत्रांच्या माथ्यावर शिक्का व मजकूर संपताच अखेरीस मोर्तब उमटवीत असत. शिक्क्यामुळे पत्र कोणाचे ते कळे आणि मोर्तबामुळे मागाहून मजकूर वाढविण्यास वाव राहत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा मराठीतील रूढ शब्द या प्रथेतून आलेला आहे. अंकीय स्वाक्षरी ही दोन्ही कार्ये गणिताच्या साहाय्याने एकत्रितपणे करते. गोपनीयतेसाठी मात्र स्वतंत्र कूटलेखन आवश्यक असते.

इतिहास : पूर्वीच्या सर्व कूटलेखन पद्धतींत प्रेषक व ग्राही या दोघांजवळ एकच गुप्त किल्ली असावी लागे. अनोळखी व्यक्तींना ती किल्ली परस्परांकडे सुरक्षितपणे कशी पोहोचवावी, ही अडचण व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने दूर झाली. रोनाल्ड रिव्हेस्ट, आदी शामीर व लेनर्ड एडलमन यांनी १९७७ मध्ये सार्वजनिक व खाजगी अशा किल्ल्यांच्या जोडीवर आधारलेली आरएसए पद्धती शोधून काढली. सार्वजनिक किल्ली कोणाची आहे हे स्वाक्षरीयुक्त प्रमाणपत्राने सांगावे, ही कल्पना १९७८ मध्ये लॉरेन कोनफेल्डर यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील प्रबंधात मांडली. प्रमाणपत्राचा एक्स.५०९ हा आंतरराष्ट्रीय नमुना १९८८ मध्ये निश्चित झाला.

नेटस्केप या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये एसएसएल ही संपर्कपद्धती उपलब्ध करून दिली आणि इंटरनेटवरील व्यापाराला चालना मिळाली. तिची सुधारित आवृत्ती १९९९ मध्ये टीएलएस या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे २००६, २००८ व २०१८ या वर्षी टीएलएसच्या १.१, १.२ व १.३ या आवृत्त्या निघाल्या. एसएसएलच्या सर्व आवृत्त्या आणि टीएलएसच्या पहिल्या दोन आवृत्त्या दोषयुक्त ठरून त्याज्य मानल्या गेल्या आहेत. तरीही व्यवहारात या प्रमाणपत्राला ‘एसएसएल प्रमाणपत्र’ म्हणण्याचा प्रघात टिकून आहे.

प्रारंभी प्रमाणपत्रासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागे, त्यामुळे अनेक लहान संकेतस्थळे त्यावाचून चालत. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा तत्त्वावरील प्रमाणन संस्थेने २०१५ च्या अखेरीस सर्वांना विनामूल्य व स्वयंचलित रीतीने प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम ब्राउझर कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळापुढे ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. या दोन घटनांमुळे कूटबद्ध संपर्क ही चैनीची बाब न राहता सर्वसामान्य रीत बनली.

किल्लीची गणिती निर्मिती : उघड्या मार्गावर बोलणाऱ्या दोन पक्षांना इतर कोणालाही कळू न देता समान गुपित कसे निर्माण करता येते, हे एका लहान उदाहरणावरून स्पष्ट होईल. ११ व २ या संख्या सर्वांना माहीत आहेत असे मानू. ग्राहक मनात ३ ही संख्या धरतो. २ चा तिसरा घात ८ असून तो ११ पेक्षा लहान असल्याने ग्राहक ८ हीच संख्या उघडपणे पाठवितो. विक्रेता मनात ४ ही संख्या धरतो. २ चा चौथा घात १६ असून त्यास ११ ने भागल्यास बाकी ५ उरते. विक्रेता ५ ही संख्या पाठवितो. आता ग्राहक ५ चा तिसरा घात १२५ काढून त्यास ११ ने भागतो, तेव्हा बाकी ४ उरते. विक्रेता ८ चा चौथा घात ४,०९६ काढून त्यास ११ ने भागतो, तेव्हाही बाकी ४ च उरते. दोघांना समान गुपित मिळाले. वाटेत ऐकणाऱ्याच्या हाती मात्र ११, २, ८ व ५ एवढ्याच संख्या आल्या. इतक्या लहान संख्यांवरून गुपित सहज शोधता येईल. परंतु प्रत्यक्षात शेकडो अंकी संख्या किंवा विशिष्ट वक्रांवरील बिंदू वापरतात व तेथे उलट गणित करणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे ठरते.

या पद्धतीत एक उणीव आहे. समान गुपित तयार झाले, तरी पलीकडील पक्ष खरोखर विक्रेताच आहे की मध्येच बसलेला तोतया आहे, हे तिच्यातून कळत नाही. तोतयाने ग्राहकाशी एक व विक्रेत्याशी दुसरे गुपित निर्माण केल्यास दोघांनाही संशय येणार नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच प्रमाणपत्राची योजना आहे.

संपर्काची प्रस्थापना : टीएलएसच्या १.३ या आवृत्तीत ग्राहकाचा ब्राउझर प्रथम आपल्या वाट्याची उघडी संख्या व आपणास येणाऱ्या कूटलेखन पद्धतींची यादी पाठवितो. सर्व्हर आपली उघडी संख्या, आपले प्रमाणपत्र आणि आतापर्यंत झालेल्या संभाषणावर खाजगी किल्लीने केलेली स्वाक्षरी ही उलट पाठवितो. प्रमाणपत्रात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत व प्रमाणन संस्थेची स्वाक्षरी असते. पत्त्याच्या पट्टीतील नाव आणि प्रमाणपत्रातील नाव एकच आहे काय, मुदत शिल्लक आहे काय, प्रमाणन संस्था विश्वासार्ह आहे काय व संभाषणावरील स्वाक्षरी त्याच सार्वजनिक किल्लीशी जुळते काय, हे ब्राउझर तपासतो. यांपैकी एक जरी बाब न जुळली, तरी तो इशारा देऊन थांबतो. सर्व जुळल्यास समान गुपितापासून तात्पुरती किल्ली तयार होते व पुढील सर्व मजकूर एईएससारख्या जलद पद्धतीने कूटबद्ध होऊन जातो. ही सर्व क्रिया सेकंदाच्या अल्पशा भागात पार पडते. प्रत्येक संपर्कासाठी गुपित नव्याने तयार होत असल्याने सर्व्हरची खाजगी किल्ली पुढे कधी चोरीला गेली, तरी पूर्वीचे संभाषण उलगडता येत नाही.

विश्वासाची साखळी : प्रमाणन संस्थेवर तरी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल व मोझिला या प्रमुख उत्पादकांनी निवडलेल्या संस्थांची मूळ प्रमाणपत्रे संगणकाच्या कार्यप्रणालीत किंवा ब्राउझरमध्ये आधीच समाविष्ट केलेली असतात. मूळ संस्था मध्यस्थ संस्थेच्या प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करते व मध्यस्थ संस्था संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर. अशी साखळी मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचली, तरच ब्राउझर ती मान्य करतो. यातील कोणतीही एक कडी कच्ची ठरली, तर जगातील कोणत्याही संकेतस्थळाच्या नावे खोटे प्रमाणपत्र निघू शकते. नेदर्लंड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत २०११ मध्ये घुसखोरी होऊन गूगलसह अनेक नावांची खोटी प्रमाणपत्रे काढण्यात आली व त्यांचा उपयोग इराणमधील नागरिकांचे संभाषण चोरून वाचण्यासाठी झाला. ब्राउझर-उत्पादकांनी त्या संस्थेवरील विश्वास काढून घेताच त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले.

या अनुभवानंतर दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सर्वांना पाहता येईल अशा जाहीर नोंदवह्यांत करण्याची पद्धती विकसित झाली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांसाठी क्रोम ब्राउझरने अशी नोंद आवश्यक ठरविली. आपल्या नावाचे प्रमाणपत्र इतर कोणी काढले आहे काय, हे त्यामुळे लहानशा दुकानदारालाही पाहता येते.

भारतातील व्यवस्था : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यान्वये प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक हे पद निर्माण झाले व प्रमाणन संस्थांना परवाने देण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. आयकर विवरणे, कंपन्यांची कागदपत्रे, शासकीय निविदा इत्यादींसाठी व्यक्तींना लागणारी अंकीय स्वाक्षरी प्रमाणपत्रे या संस्थांकडून मिळतात व त्यांना कायद्याची मान्यता असते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याचे प्रामाण्य व्यवहारात ब्राउझर-उत्पादकांच्या स्वीकृतीवर अवलंबून असते. केवळ देशातील परवाना त्यासाठी पुरेसा नसतो.

हा फरक २०१४ मध्ये प्रकर्षाने दिसून आला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या म्हणजेच एनआयसीच्या प्रमाणन शाखेकडून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या निदर्शनास आले. भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोज प्रणालीतील अनेक कार्यक्रम ती प्रमाणपत्रे खरी मानीत. मोझिलाच्या फायरफॉक्समध्ये मात्र त्याचा समावेश नसल्याने त्याच्या वापरकर्त्यांना धोका पोहोचला नाही. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाल्याचे चौकशीत आढळले. त्यानंतर क्रोम ब्राउझरने भारतीय नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राची मान्यता शासकीय व शैक्षणिक डोमेनांसह केवळ ७ डोमेनांपुरती मर्यादित केली. पुढील काळात बंगळुरू येथील ईमुद्रा या भारतीय कंपनीची मूळ प्रमाणपत्रे प्रमुख ब्राउझरांच्या याद्यांत समाविष्ट झाली.

प्रकार व मुदत : अर्जदाराची छाननी कितपत केली, यावरून प्रमाणपत्रांचे तीन प्रकार होतात. (१) डोमेन-प्रमाणित : अर्जदाराचा त्या नावाच्या सर्व्हरवर अथवा नोंदीवर ताबा आहे, एवढेच तपासतात. हे काही मिनिटांत व विनामूल्य मिळू शकते. (२) संस्था-प्रमाणित : संस्थेच्या नोंदणीची कागदपत्रे व पत्ता यांचीही तपासणी होते. (३) विस्तारित-प्रमाणित : संस्थेचे कायदेशीर अस्तित्व व अर्जदाराचा अधिकार यांची सखोल तपासणी होते. तिन्ही प्रकारांतील कूटलेखनाचे बळ सारखेच असते. विस्तारित प्रकारात पत्त्याच्या पट्टीत संस्थेचे नाव दिसे. परंतु ग्राहक त्याकडे लक्ष देत नाहीत असे आढळल्याने क्रोम व फायरफॉक्स यांनी २०१९ मध्ये ती प्रथा बंद केली.

चोरीला गेलेल्या किल्लीचे प्रमाणपत्र रद्द करता येते. पण ती वार्ता प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नाही. त्यामुळे मुदत कमी करीत जाण्याकडे कल आहे. १ सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस झाली. प्रमाणन संस्था व ब्राउझर-उत्पादक यांच्या संयुक्त मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस व १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरविण्यात आली. साहजिकच नूतनीकरण हाताने न करता स्वयंचलित यंत्रणेने करणे अपरिहार्य होय.

नामांतर व प्रमाणपत्र : प्रमाणपत्र हे नावाशी बांधलेले असल्याने नाव बदलताच ते निरुपयोगी होते. याचे बोधप्रद उदाहरण म्हणून धाराशिव जिल्ह्याकडे पाहता येईल. उस्मानाबाद शहर व जिल्हा यांचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव असे करण्यात आले. माणसाच्या दृष्टीने ही एकाच गावाची दोन नावे आहेत. ब्राउझरच्या दृष्टीने जुन्या व नव्या नावाचे पत्ते हे परस्परांशी संबंध नसलेले दोन पत्ते होत. ज्या व्यापाऱ्याने आपल्या संकेतस्थळाच्या नावात जिल्ह्याचे नाव गुंफले असेल, त्याला नव्या नावासाठी वेगळे डोमेन व वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते किंवा दोन्ही नावे एकाच प्रमाणपत्रात समाविष्ट करावी लागतात.

येथे दोन बाबी सहसा दुर्लक्षित राहतात. पहिली अशी की, जुन्या पत्त्यावर आलेल्या ग्राहकाला नव्या पत्त्याकडे वळविण्यापूर्वीच ब्राउझर जुन्या नावाचे प्रमाणपत्र तपासतो. ते संपले असल्यास ग्राहकाला इशारा दिसतो व तो परत फिरतो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जुन्या डोमेनचे वार्षिक शुल्क भरणे बंद केल्यास कालांतराने ते कोणालाही विकत घेता येते व नव्या मालकाला त्या नावाचे संपूर्णपणे वैध प्रमाणपत्रही मिळते. पावत्या, वेष्टने व जुने ग्राहक यांच्या स्मरणात असलेले नाव अशा रीतीने परक्याच्या हाती जाते आणि कूटबद्ध संपर्क त्याच्याशीच सुरक्षितपणे जोडला जातो. म्हणून नामांतरानंतरही जुने डोमेन व त्याचे प्रमाणपत्र काही वर्षे चालू ठेवणे शहाणपणाचे ठरते.

लिप्यंतर हीही एक अडचण आहे. रोमन लिपीत ‘ळ’ हे अक्षर नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वरांचा भेदही नेहमी पाळला जात नाही. त्यामुळे तुळजापूर, कळंब, परांडा, धाराशिव ही नावे रोमन अक्षरांत एकाहून अधिक प्रकारे लिहिली जातात व प्रत्येक प्रकारचे डोमेन स्वतंत्र असते. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन उपलब्ध झाले, त्यामुळे ही अडचण काहीशी कमी होऊ शकते; प्रमाणपत्रात मात्र देवनागरी नावाचे रोमन अक्षरांतील सांकेतिक रूप नोंदविले जाते.

मर्यादा : तुळजाभवानीच्या दर्शनासाठी महाराष्ट्राबाहेरूनही भाविक येतात व त्यांपैकी अनेकांना निवासाचे किंवा पूजेचे आरक्षण दूरवरून करावे लागते. मूळ नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन एखाद्या भामट्याने बनावट आरक्षण-संकेतस्थळ उघडले, तर त्यालाही डोमेन-प्रमाणित प्रमाणपत्र मिळेल. कारण त्या मिळत्याजुळत्या नावाचा तो खरोखरच मालक असतो. भाविकाचे पैसे व कार्डाचा क्रमांक वाटेत कोणालाही न दिसता थेट भामट्याच्या हाती पडतील. कुलपाचे चिन्ह म्हणजे विश्वासार्हतेची खूण असा समज पसरल्याने क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून त्याजागी तटस्थ चिन्ह योजले.

नावावरून ओळख पटविण्याचा एक उपाय बँकांच्या बाबतीत अवलंबिण्यात आला. केवळ बँकांनाच मिळू शकेल असे ‘.बँक.इन’ हे डोमेन रोमन अक्षरांत निर्माण करून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी त्यावर स्थलांतर करावे, असा आदेश भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिला. लहान व्यापाऱ्यांसाठी अशी राखीव नावे नाहीत. त्यामुळे पत्ता पावतीवर व वेष्टनावर अचूक छापणे आणि ग्राहकाने तो शोधयंत्रातील जाहिरातीवरून न घेता पावतीवरून पाहून उतरविणे, हाच साधा व परिणामकारक उपाय होय. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तात्काळ तक्रार नोंदविता येते.

कूटबद्ध संपर्क हा प्रवासातील संरक्षण देतो, मुक्कामातील नव्हे. सर्व्हरवर साठविलेली ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांची राखण व्यापाऱ्यालाच करावी लागते. कार्डाचे क्रमांक साठविण्यास १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना मनाई आहे. तसेच खाजगी किल्ली इतरांना पाठविणे, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्याच नावे डोमेन ठेवणे व नूतनीकरणाच्या सूचना न वापरल्या जाणाऱ्या ई-मेल पत्त्यावर जाऊ देणे, या चुका कोणतेही गणित दुरुस्त करू शकत नाही.

भावी विकास : पुंज संगणक पुरेसे समर्थ झाल्यास आजच्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धती निकामी होतील, असे गणिताने दाखविलेले आहे. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली मानके प्रसिद्ध केली व प्रमुख ब्राउझरांनी किल्लीच्या निर्मितीसाठी त्यांचा अवलंबही सुरू केला. कूटलेखनाची साधने यापुढेही बदलत राहतील. मात्र प्रमाणपत्रावरील नाव ज्याचे, त्याची पारख करण्याचे काम ग्राहकाकडेच राहील.